कॉम्प्युटरचं घड्याळ पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी फरक किती आहे ते बघा

मृगाचा पाऊस लागला की दापोली-गुहागर पट्ट्यातून एकाच तक्रारीचे फोन वाढतात. "दादा, कॉम्प्युटर चालू केला की तारीख चुकीची येते. नीट केली तरी दुसऱ्या दिवशी परत तेच." कुणाचं जीमेल उघडत नाही, कुणाची डिजिटल सही पोर्टल नाकारतं, कुणाच्या बिलावर भलत्याच वर्षाची तारीख छापून येते. बहुतेक जण इंटरनेटवरून वेळ घेण्याचं सेटिंग बंद-चालू करतात, सर्व्हर बदलून बघतात, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

'घड्याळ चुकतंय' या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. पण फरक किती आहे यावरून बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं, म्हणून काहीही बदलण्याआधी तो मोजा. फोनला रेंज आहे ना आणि त्यातली आपोआप वेळ घेण्याची सोय चालू आहे ना, एवढं बघून तो कॉम्प्युटरशेजारी धरा. तारीख, तास, मिनिटं, सेकंद, सगळं कागदावर लिहा. शेवटी घड्याळ बरोबर कधी होतं तेही लिहा: रात्री बंद करताना बरोबर होतं आणि सकाळी चुकलं, की चालू असतानाच चुकलं? या दोन ओळी हाती असल्या की निम्मं काम झालं.

फरकाच्या शेवटी नेमका अर्धा तास

फरक साडेपाच तास, साडेबारा तास किंवा साडेतेरा तास असेल आणि मिनिटं तंतोतंत जुळत असतील, तर घड्याळ ठीक आहे आणि टाइम झोन चुकला आहे. वेळ देणारा सर्व्हर तुम्हाला भारताची वेळ पाठवत नसतो. तो जगभर सगळ्यांना एकच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, पाठवतो आणि त्यात साडेपाच तास मिळवण्याचं काम तुमचा कॉम्प्युटर करतो. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर धरलेली आहे, म्हणून ती यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. जगातले बहुतेक टाइम झोन पूर्ण तासांचे असल्याने झोन चुकला की फरकाच्या शेवटी हमखास अर्धा तास येतो.

नव्याने विंडोज टाकलेल्या कॉम्प्युटरवर हे फार दिसतं. इंग्रजी विंडोज टाकताना कुणी लक्ष दिलं नाही तर अमेरिकेचा पॅसिफिक झोन तसाच राहतो. मग फरक हिवाळ्यात साडेतेरा तास, आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना साडेबारा तास. पुढे काय होतं बघा. दुकानदार हाताने वेळ बरोबर करतो. थोड्या वेळाने इंटरनेटवरून वेळ येते, कॉम्प्युटर ती पॅसिफिक झोनप्रमाणे दाखवतो, आणि दुकानदाराला वाटतं की इंटरनेटच आपली वेळ बिघडवतंय. तो आपोआप वेळ घेणं बंद करून टाकतो. आता काटे बरोबर दिसतात, पण आतली यूटीसी वेळ साडेतेरा तासांनी चुकलेली असते आणि पाठवलेल्या ईमेलवर विचित्र वेळा पडतात.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम' उघडा आणि झोनच्या यादीतून 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' निवडा. आधी झोन, मग वेळ. हा क्रम उलटा करू नका.

नेमका साडेपाच तासांचा फरक असेल आणि त्याच मशीनवर विंडोजबरोबर उबंटू किंवा दुसरं लिनक्स टाकलेलं असेल, तर प्रकार वेगळा आहे. मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरमधल्या मुख्य सर्किट बोर्डच्या) घड्याळात लिनक्स यूटीसी वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्समधून बाहेर पडून विंडोज सुरू केलं की घड्याळ साडेपाच तास मागे. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर हे नेहमीचं आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल', मग मोकळी जागा सोडून 'सेट-लोकल-आरटीसी', मग पुन्हा मोकळी जागा आणि १, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. लिनक्स त्यावर इशारा देतं, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत याने गोंधळ होतो. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे घरच्या वापराला अडचण येत नाही.

फरक महिन्यांचा किंवा वर्षांचा: सेल

तारीख थेट काही वर्षं मागे, एखाद्या १ जानेवारीला गेली असेल, किंवा काल रात्री दहाला बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी आठला उघडल्यावर घड्याळ रात्रीचे दहा वाजून पाच मिनिटं दाखवत असेल, तर इंटरनेटच्या सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. बंद कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. बटणाएवढा चपटा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. त्यावर सीआर२०३२ असं कोरलेलं असतं.

ही तक्रार कोकणात पावसाळ्यातच का वाढते, याचं कारण आपल्या सवयीत आहे, आणि ती सवय चांगलीच आहे. डेस्कटॉप शटडाऊन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडा करंट देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. तेवढा वेळ सेलला जवळपास विश्रांती असते. आपल्याकडे विजांचा कडकडाट सुरू झाला की घरोघरी प्लग उपटून ठेवतात. शाळा-ऑफिसात संध्याकाळी मेन स्विच पाडतात. वर लाइट जाते ती वेगळीच. म्हणजे जून ते सप्टेंबर रोज रात्रभर घड्याळाचा सगळा भार त्या एका सेलवर येतो. उन्हाळाभर मरायला टेकलेला सेल कुणाच्या लक्षात येत नाही आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडा पडतो. विजेच्या भीतीने प्लग काढणं अजिबात बंद करू नका. सेल बदला.

मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या वरच दाखवतो. २.८च्या खाली आला असेल तर तो गेला असं समजा. पण लिथियम सेल शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम पडतो, त्यामुळे मीटरवर ठीक दिसला तरी लक्षणं वरच्यासारखी असतील तर बदलूनच टाका.

सेल बदलताना आधी प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटचं बाजूचं पान उघडलं की सेल लगेच दिसतो. त्याच्या कडेला एक छोटी धातूची क्लिप असते. ती नखाने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल आपोआप वर उडी मारतो. आता लगेच नवा बसवू नका. आधी खाचेत टॉर्च मारून बघा. समुद्राजवळच्या घरांत खालच्या पट्टीवर पांढुरकी किंवा हिरवट पूड जमलेली असते. ही पूड तशीच राहिली तर नवा सेलही नीट टेकत नाही, आणि महिन्याभरात "सेल बदलला तरी तेच" असा फोन येतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती पट्टी आणि वरची क्लिप पुसा, पूर्ण सुकू द्या, पट्टी दबून गेली असेल तर अगदी हलक्या हाताने वर उचला. नवा सेल कडांनी धरा, घामट बोटांनी सपाट बाजू चोळू नका, आणि 'प्लस' लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा.

सेल घेताना सीलबंद पाकिटातला आणि मुदत शिल्लक असलेला घ्या. बरणीत सुटे पडलेले सेल एकमेकांना लागून अर्धे संपलेले असतात. आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर सोडू नका. हा सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जळते. तशी नुसती शंका आली तरी मुलाला तडक दवाखान्यात न्यायचं.

लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा प्लास्टिकच्या आवरणात, दोन वायरींच्या छोट्या पिनसकट येतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. तिथे बॅटरी पूर्ण उतरू दिली की तारीख जाते. आपल्या हाताला सवय नसेल तर लॅपटॉप उघडण्याचं काम कारागिराकडे द्यावं.

सेल काढला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची, बाकीची सेटिंगंही जाऊ शकतात. म्हणून सेल काढण्याआधी फोनवर बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा, विशेषतः बूटचा क्रम (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं) आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) यांचे. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून घ्या. सेल बदलल्यावर ती मागितली जाण्याची शक्यता असते आणि तेव्हा शोधत बसलात तर सगळा डेटा आत अडकून पडतो. नवा सेल बसला की बायोसमध्ये तारीख-वेळ भरा आणि मगच विंडोजमध्ये जा.

पंधरा तासांची अट

'डेट अँड टाइम'च्या पानावर इंटरनेटवरून लगेच वेळ घेणारं 'सिंक नाऊ' हे बटण असतं; सेल संपलेल्या मशीनवर ते का चालत नाही, याचं उत्तर विंडोजच्या एका नियमात आहे. घरगुती किंवा दुकानातल्या, म्हणजे कुठल्याही ऑफिसच्या डोमेनला (मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला) न जोडलेल्या विंडोजमध्ये अशी मर्यादा घातलेली असते की सर्व्हरची वेळ आणि आपली वेळ यांत ५४,००० सेकंदांहून, म्हणजे १५ तासांहून जास्त अंतर असेल तर आपोआप दुरुस्ती करायची नाही. कुणी खोटा सर्व्हर उभा करून तुमची तारीख वर्षभर पुढेमागे नेऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. पण तारीख जर चार वर्षं मागे गेली असेल तर हीच सोय आड येते. सर्व्हर योग्य वेळ सांगतोय, विंडोज ऐकत नाही.

म्हणून आधी हाताने तारीख आणि अंदाजे वेळ भरायची, मग 'सिंक नाऊ'. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतात.

याच अवस्थेत ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. नेट व्यवस्थित असतं. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २०१९ साल असेल तर त्याला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. सेतू केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत डिजिटल सही करताना हीच अडचण येते, आणि तिथे तर जास्त सांभाळायला हवं, कारण सहीवर बहुधा कॉम्प्युटरचीच वेळ उमटते. चुकीच्या तारखेचा दाखला एकदा हातात गेला की निस्तरायला त्या माणसाला पुन्हा एसटीने तालुक्याला यावं लागतं. सही करण्याआधी कोपऱ्यातल्या तारखेकडे नजर टाकायची सवय लावून घ्या.

फरक सेकंदांचा किंवा मिनिटांचा

तारीख बरोबर, झोन बरोबर, पण घड्याळ दोन-चार मिनिटं मागे-पुढे आणि फरक हळूहळू वाढतोय. याचा अर्थ कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळावर चालला आहे, बाहेरून वेळ घेतच नाही. मदरबोर्डवर क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ती कंपनं मोजून सेकंद ठरतो. स्वस्त स्फटिकात दहा लाखात वीसची चूक चालून जाते. ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पाऊण-एक मिनिट होतात. ही चूक प्रत्येक मशीनमध्ये आहेच. तीच भरून काढायला एनटीपी आहे.

एनटीपी म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची ठरलेली पद्धत. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये तो मांडला आणि आजही तोच चालतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आपल्याकडे तो पक्का बसलाय: "आमच्याकडे नेट स्लो आहे, म्हणून घड्याळ मागे पडतं." तसं होत नाही. कॉम्प्युटर विचारणा कधी पाठवली ते लिहून ठेवतो, सर्व्हर ती कधी मिळाली आणि उत्तर कधी निघालं ते कळवतो, आणि उत्तर पोचल्याची वेळ कॉम्प्युटर पुन्हा नोंदवतो. या चार वेळांवरून वाटेत गेलेला वेळ वजा होतो. जाण्या-येण्याचा वेळ अगदीच विषम असला तरी चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. डोंगराआडच्या गावात फेरीला अर्धा सेकंद लागला तर चूक फार तर पाव सेकंद. घड्याळ तीन मिनिटं मागे असेल तर दोष नेटच्या वेगाचा नाही. उत्तर पोचतच नाहीये.

ते पोचतंय का हे बघायला कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. डब्ल्यू, ३२, टी, एम असा सलग एक शब्द इंग्रजीत टाइप करा, मोकळी जागा, स्लॅश आणि 'क्वेरी', मोकळी जागा, स्लॅश आणि 'स्टेटस'. जे उत्तर येईल त्यातली 'सोर्स' ही ओळ शोधा. तिथे सर्व्हरचं नाव असेल तर ठीक. 'लोकल सीमॉस क्लॉक' असं असेल तर कॉम्प्युटर स्वतःलाच वेळ विचारतोय. त्याच्या वर 'स्ट्रॅटम १' (स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासूनची पायरी) असं दिसलं तरी हुरळून जाऊ नका. अणुघड्याळाला थेट जोडलेल्या सर्व्हरलाही तोच आकडा असतो, पण इथे त्याचा तसा अर्थ नाही. 'लीप इंडिकेटर' समोर ३ असेल तर वेळ जुळलेली नाही हे नक्की.

क्वेरीला 'सर्व्हिस सुरू नाही' असं उत्तर आलं तर 'सर्व्हिसेस' उघडून 'विंडोज टाइम' शोधा, त्याचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' करा आणि 'स्टार्ट' दाबा. बरीच 'पीसी फास्ट करणारी' सॉफ्टवेअर ही सर्व्हिस फालतू समजून बंद करतात. अशी सॉफ्टवेअर काढूनच टाका, माझं मत स्पष्ट आहे.

सर्व्हिस चालू आहे तरी वेळ येत नाही? मग फोनचा हॉटस्पॉट लावा, घरचं वायफाय तोडा आणि पुन्हा 'सिंक नाऊ' करा. एवढ्या एका चाचणीने बराच खुळा शोध वाचतो. हॉटस्पॉटवर वेळ आली तर दोष राऊटरचा किंवा नेट पुरवणाऱ्याचा. तिथेही नाही आली तर कॉम्प्युटरमधला अँटीव्हायरस किंवा फायरवॉल आडवा येतोय. एनटीपीचं टपाल यूडीपी या पाठवणीच्या पद्धतीच्या १२३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे दारातून, ये-जा करतं. २०१४ च्या सुरुवातीला याच पोर्टचा गैरवापर करून मोठे हल्ले झाले होते, त्यानंतर काही ठिकाणी तो अडवला जातो. केबलवाल्याला फोन करताना "नेट चालत नाही" म्हणू नका, "यूडीपी १२३ बाहेर जात नाही" असं सांगा. त्याला लगेच कळेल.

सर्व्हर बदलायचा असेल तर जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये 'डेट अँड टाइम', त्यात 'इंटरनेट टाइम' हा टॅब. तिथे मूळचा टाइम डॉट विंडोज डॉट कॉम असतो. त्याऐवजी इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग घालून बघा. हा भारतातल्या सर्व्हरांचा सामाईक पत्ता आहे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आपल्या देशाची प्रमाणवेळ अणुघड्याळांवर सांभाळते, तिचा पत्ता टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. 'इंटरनेट टाइम' हा टॅबच दिसत नसेल तर मशीन ऑफिसच्या डोमेनला जोडलेलं आहे. तिथे वेळ ऑफिसच्या मुख्य सर्व्हरकडून येते, त्यामुळे आपण काही न बदलता तिथल्या सिस्टिमवाल्याला सांगायचं.

विंडोज ७ सारखी जुनी आवृत्ती अजून चालवत असाल तर ती आठवड्यातून एकदाच वेळ विचारते. त्या नेमक्या क्षणी लाइट किंवा नेट नसेल तर फरक वाढत जातो. गणपतीनंतर मुंबईला परतायचं तत्काळ तिकीट काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एसीचं बुकिंग दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं ते रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळाने. तुमचं घड्याळ चाळीस सेकंद मागे असेल तर तुम्ही दहाची वाट बघत बसता आणि कोकण रेल्वेच्या जागा तेवढ्यात जातात. पाच मिनिटं आधी 'सिंक नाऊ' दाबून घ्या.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर

होमस्टे, आंब्याच्या बागा, जेटीजवळची दुकानं, सगळीकडे आता कॅमेरे आहेत आणि त्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्येही तसाच सेल आणि तसंच घड्याळ आहे. त्याकडे कुणी बघत नाही. मग चोरी होते, फुटेज काढायला जावं तर रात्री दोनची घटना दुपारच्या वेळेखाली सापडते आणि पोलिसांना ती वेळ पटवून द्यायला नाकी नऊ येतात. मेनूमध्ये जाऊन टाइम झोन जीएमटी +५:३० करा, एनटीपी चालू करा आणि वरच्यापैकी एक पत्ता घाला. तरी वेळ येत नसेल तर नेटवर्कच्या पानावर गेटवे (नेटकडे जाण्याची वाट) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बघा. बऱ्याच ठिकाणी डीएनएसची जागा रिकामी किंवा चुकीची असते, म्हणून डीव्हीआरला सर्व्हरचं नाव कळतच नाही. तिथे ८.८.८.८ भरा, राऊटरचा पत्ता गेटवेमध्ये आहे ना ते तपासा. डीव्हीआरला नेटच नसेल तर आगोटीची बाकीची कामं करताना त्याचा सेलही बदलून घ्या आणि दर महिन्याला फोन बघून हाताने वेळ लावा.